एकतीस पाकिटं आणि एक नाणं

(या भागात जे बोललो ते वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून इथं दिलंय. बोलण्याचा ढंग तसाच ठेवलाय.)

 

आत्ता बोलताना माझ्या डाव्या हातात एक नाणं आहे. शिशाचं. काळपट राखाडी, कडेला एका जागी टवका गेलेला. हातात घेतलं की वाटतं त्यापेक्षा जड लागतं. साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचं आणि आपल्या कोल्हापूरचं. हे नाणं मी २०१९ साली विकलं आणि २०२३ साली परत आणलं.

ऐकायला भारी वाटतं. पण त्या दिवशी मी एक नाही, एकतीस नाणी विकली होती. परत आलं ते हे एकच. बाकीच्यांचं काय झालं आणि हे एक का परत आलं, ते आज सांगतो. जुनी नाणी जमवणारे ऐकत असतील त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आणि ज्यांच्या घरात आज्जा-पणज्याचा एखादा डबा माळ्यावर पडलाय, त्यांनी तर नीटच ऐका.

सुरुवात आज्ज्यापासून करतो.

माझा आज्जा गुजरीत एका सराफाच्या पेढीवर कामाला होता. बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, गुजरी म्हणजे कोल्हापुरातली सोन्या-चांदीची गल्ली, अंबाबाईच्या देवळापासून चालत दोन मिनिटांवर. खेड्यातनं माणसं मोड घेऊन यायची. मोडकं चांदीचं कडं, तुटलेला गोफ आणि कधीकधी त्यातच जुनी नाणी. सगळं वितळवायला. पेढीला त्या नाण्यांचा धातू पाहिजे असायचा. आज्ज्याला नाणं पाहिजे असायचं. तो वजनाचे पैसे स्वतःच्या खिशातनं भरायचा आणि नाणं घरी आणायचा.

घरी आणलं की त्याचं एक ठरलेलं काम असायचं. लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून तो छोटं पाकीट करायचा. त्यावर तारीख, माणूस कुठल्या गावचा, काय द्यावं लागलं आणि वजन, तेही तोळा, मासा, गुंजेत. आणि सगळ्यात शेवटी, नाणं कागदाखाली धरून वरनं पेन्सिल घासायची. आपण शाळेत एक रुपयाचा ठसा वहीत उमटवायचो ना, तसंच. दोन्ही बाजूंचे दोन ठसे. मग नाणं पाकिटात, पाकीट डब्यात.

या शिशाच्या नाण्याचं पाकीट असं आहे: ‘ता. ८-३-६४. प्रयाग चिखलीचा माणूस. जाळ्याला शिसं म्हणून वितळवणार होता. रु. २ दिले. १ तोळा १ मासा ४ गुंजा. धनुष्यबाण. अक्षरं मोडी नव्हेत. कळत नाही.’

‘कळत नाही’ हे पण त्यानं लिहून ठेवलंय. मला ते फार आवडतं.

आता हे नाणं कसलं, ते सांगतो. कारण विकलं तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. आज तिथनं गाडीवरनं जाताना काही जाणवत नाही. पण कोल्हापूरची सगळ्यात जुनी वस्ती तिथली. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. त्याच ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. ग्रीकांचा देव, पंचगंगेच्या काठावर! एवढा लांबचा व्यापार या गावाशी चालायचा.

त्या काळात या भागात राज्य करणारे राजे होते, त्यांना अभ्यासक ‘कुर’ राजे म्हणतात. कारण त्यांच्या नावाच्या शेवटी ‘कुर’ येतं. विळिवायकुर, सिवलकुर. नाण्यावर त्यांची नावं आईच्या नावासकट आहेत. वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. म्हणजे वासिष्ठीचा मुलगा, माढरीचा मुलगा, गौतमीचा मुलगा. एका बाजूला बाण चढवलेलं धनुष्य आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला कमानींवर कमानी रचल्यासारखी टेकडी आणि झाड. दुसऱ्या शतकातला टॉलेमी नावाचा भूगोलकार तिकडं इजिप्तमध्ये बसून हिप्पोकुरा नावाच्या राजधानीचा आणि बॅलिओकुरोस नावाच्या राजाचा उल्लेख करतो. तो बॅलिओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असं अभ्यासक मानतात.

यातली खरी गंमत पुढं आहे. हे राजे एकमेकांची नाणी वितळवत बसले नाहीत. आधीच्याचं नाणं घ्यायचं, त्यावरच आपला ठसा ठोकायचा. खालचा ठसा पूर्ण पुसला जात नाही. वरच्या अक्षरांखाली आधीची अक्षरं दिसत राहतात. आणि त्यावरनंच अभ्यासकांनी लावलं की आधी वासिठीपुत, मग माढरिपुत, मग गोतमिपुत. कुठली पोथी नाही, शिलालेख नाही. नुसत्या शिशाच्या चकत्यांवरनं राजांचा क्रम लागला.

महाराष्ट्रात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जोगळटेंभी. नाशिकजवळ १९०६ साली तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा ठोकलेला. नहपानाला हरवलं हे त्यानं त्याच्याच नाण्यांवर मारून सांगितलं.

बरं. आता पुराकडं येतो.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकराला वेगळा सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी. त्यावर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दुकानात माझ्या छातीपर्यंत पाणी. पाच-सहा दिवस. उतरलं तेव्हा दोन्ही वाइंडिंग मशीन चिखलात, तांब्याच्या वायरची रिळं काळी पडलेली आणि गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला आलेल्या मोटरी, त्यांची भरपाई वेगळीच.

आता यातला खेळ बघा. पूर उतरल्यावर आख्ख्या जिल्ह्यातल्या मोटरी जळालेल्या. नदीकाठच्या शेतातले पंप, बोअरच्या मोटरी, घरातल्या पाण्याच्या मोटरी. काम दारात रांग लावून उभं होतं. आणि माझ्याकडं वायर घ्यायला पैसे नव्हते. तांबं उधारीवर कोण देतंय? ज्याच्याकडनं दहा वर्षं घेत होतो तो पण म्हणाला, “भावा, माझंच गोदाम बुडालंय.”

आज्ज्याचा डबा माळ्यावर होता, म्हणून कोरडा राहिला.

दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, दुसऱ्या शहरातला एक व्यापारी घरी आला. माणूस काही वाईट नव्हता, उगीच तसं म्हणणार नाही. त्यानं नाणी टेबलावर ओतली, भिंगातनं बघितली. तांब्याच्या शिवराया वेगळ्या, चांदीची वेगळी, शिशाचं एक बाजूला. पाकिटं त्यानं उलटी करून झटकली आणि बाजूला सारली. मी म्हणालो, “ही पण घ्या की, सगळं लिहिलंय त्यावर.” तर म्हणाला, “रद्दी नको, जागा खाते.”

एकतीस नाण्यांचे ३५ हजार ठरले. एकेकाचा भाव नाही, ठोक. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी वायर आणली. डिसेंबरपर्यंत दुकान रुळावर आलं.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नाणी विकली हे चुकलं, असं मी म्हणणार नाही. त्या पैशानं दुकान उभं राहिलं, दोन पोरांचे पगार दिले. नाणी जमवणाऱ्यांमध्ये बसलं की कुणी ना कुणी सांगतोच, ‘मी तेव्हा विकायला नको होतं.’ कुणी आजारपणात विकलेलं असतं, कुणी बहिणीच्या लग्नात, कुणी नुसता भाव आला म्हणून. पहिल्या दोघांचं आपण काही बोलू नये. माणूस नाण्यापेक्षा मोठाच.

माझं चुकलं ते वेगळं. ते मला तीन वर्षांनी कळलं.

२०२२ च्या जुलैमध्ये माझी मुलगी सहावीत होती. इतिहासात सातवाहन आले. घरात जुनं काहीतरी आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती माळ्यावर चढली आणि डबा घेऊन खाली आली. आत एकतीस पाकिटं. रद्दीत टाकायला माझा हात झाला नव्हता, तेवढंच. तिनं एक उघडलं, दुसरं उघडलं. मग विचारलं, “पप्पा, यातली नाणी कुठं आहेत?”

मी म्हटलं, “विकली.”

ती म्हणाली, “मग पाकिटं का ठेवलीत?”

मला उत्तर देता येईना. बाजूला आण्णा बसले होते, म्हणजे माझे वडील. आज्ज्याचा डबा विकला तेव्हा त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. ते उठले, धनुष्यबाणाचं पाकीट हातात घेतलं, त्या पेन्सिलीच्या ठशावरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे मी घासलंय. आज्ज्यानं धरलं होतं, मी घासलं. दहा वर्षांचा होतो.” एवढंच बोलून परत बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खोटं कशाला बोलू.

पुढचे काही महिने मी वेड्यासारखा शोधलं. आधी त्या व्यापाऱ्याला फोन. तो सरळ बोलला, “साहेब, लॉट फुटला. शिवराया एकाला, चांदी एकाला, उरलेलं प्रदर्शनात गेलं.” या धंद्यात असंच होतं. व्यापारी संग्रह म्हणून घेतो, पण विकताना फोडतो, कारण प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. एका घरात साठ वर्षं एकत्र असलेली नाणी दोन महिन्यांत चार राज्यांत जातात.

मग मी पाकिटांवरच्या ठशांचे फोटो काढून नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टाकले. इथं एक सावधगिरी सांगतो. आठवड्याच्या आत एकाचा मेसेज आला, ‘तुमची शिवराई माझ्याकडं आहे, १,५०० टोकन पाठवा.’ मी पाठवले. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. त्यानं पाठवलेला फोटो कुठल्यातरी लिलावाच्या यादीतनं उचललेला होता. ‘ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या’ असले मेसेज तुम्हाला पण येत असतील. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच जाहीर इशारा दिलाय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँक कुणाकडनं शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिनं कुणाला दिलेलाही नाही. तर आधी पैसे मागणारा दिसला की फोन ठेवायचा. मी ठेवला नाही, तुम्ही ठेवा.

आता तुम्ही विचाराल, हजारो नाण्यांत आपलं एक नाणं ओळखायचं तरी कसं? आजचं दहाचं नाणं घेतलं तर खरंच ओळखता येणार नाही. यंत्रावर लाखोंनी पडतात, एकासारखं एक. पण जुनं नाणं हातानं ठोकलेलं. खाली एक ठसा, मध्ये धातूची चकती, वर दुसरा ठसा आणि वरनं हातोडा. चकती कधी पूर्ण गोल नसते. ठसा कधी मधोमध बसत नाही, कुठं धनुष्याचं टोक बाहेर जातं, कुठं दोन अक्षरं कापली जातात. घाव जोरात बसला तर कडेला चीर जाते. एकाच ठशातनं निघालेली दोन नाणी पण शेजारी ठेवली तर वेगळी दिसतात. म्हणूनच दोन जुनी नाणी टवका-ओरखड्यासकट हुबेहूब एक दिसली, तर दोन्हींवर संशय घ्यायचा. साच्यात ओतून केलेली असणार. सध्या शिवराईच्या नकला असल्याच भरपूर फिरतायत.

म्हणजे आज्ज्याचा तो पेन्सिलीचा ठसा हे नाण्याचं जणू आधार कार्डच होतं. मला पत्ताच नव्हता.

जानेवारी २०२३ मध्ये मिरजेहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. नाव सांगणार नाही, त्यांनीच नको म्हटलंय. आपण त्यांना सर म्हणू. ते म्हणाले, “तुम्ही टाकलेल्या ठशात डावीकडं खाली एक टवका आहे. माझ्याकडं एक शिशाचं आहे, त्यालाही तिथंच टवका आहे. पण मला वजन सांगा. फोटो मी पाठवणार नाही. आधी तुम्ही वजन सांगा.”

बघा, खरा माणूस असा बोलतो.

मी सांगितलं, एक तोळा, एक मासा, चार गुंजा. पलीकडं कागदावर पेन चालल्याचा आवाज. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, माशाचा ०.९७, चार गुंजांचे ०.४९. “तेरा पूर्णांक बारा,” ते म्हणाले. मग काटा लावल्याचा आवाज. “माझ्याकडं तेरा पूर्णांक शून्य आठ दाखवतंय. साठ वर्षांत अर्ध्या गुंजेचाही फरक नाही. या तुम्ही. येताना पाकीट आणा.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मिरजेला गेलो. सरांचं घर म्हणजे दोन खोल्या. टेबलावर भिंग, काटा आणि मध्ये कापसावर आमचं नाणं. मी बघताक्षणीच ओळखलं, असं म्हणायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर ओळखलं नाही. विकताना मी ते नीट बघितलंच नव्हतं. ओळखलं ते पाकिटानं. सरांनी ठसा शेजारी ठेवला आणि एकेक खूण मोजली. टवका. कापलेलं धनुष्याचं टोक. टेकडीच्या खालची चीर.

मग ते म्हणाले, “आता इथं बघा.” पेन्सिलीच्या ठशात अक्षरांच्या जागी एक गिचमिड होती. मला कायम वाटायचं, आण्णांनी लहानपणी घासताना कागद हललाय. सर म्हणाले, “कागद हललेला नाही. हे दोनदा ठोकलंय. खाली ‘वासिठी’ची दोन अक्षरं लागतात, वरचं ‘माढरि’ आहे. हे एका राजाचं नाणं दुसऱ्यानं ठोकलेलं आहे.”

ज्याच्यावरनं राजांचा क्रम लागला, त्या जातीचं नाणं आमच्या माळ्यावर पंचावन्न वर्षं होतं आणि मी ते ठोक भावात दिलं. आज्ज्यानं लिहिलं होतं ‘कळत नाही’. मी तर तेवढंही लिहिलं नव्हतं.

मी विचारलं, “सर, किती द्यायचे?”

ते लगेच बोलले नाहीत. पाकीट उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, “हे २०२० साली मी घेतलं. विकणाऱ्याला विचारलं, कुठलं? म्हणाला, लॉटमधलं. तीन वर्षं मला या नाण्याचा गाव माहीत नव्हता. आणि तुमच्याकडं तीन वर्षं नुसता गाव होता, नाणं नव्हतं. चिखलीच्या माणसाकडनं आलं, नदीकाठचं आहे, हे कळलं की याची किंमत पैशात नाही राहत. हे बघा, एक तर पाकीट मला द्या, नाहीतर नाणं तुम्ही घ्या. दोन्हींतलं काहीही मला चालेल. पण आता ही दोन वेगळ्या घरात ठेवायची नाहीत.”

मंडळी, मी पाच मिनिटं गप्प होतो. कारण त्यांचं बरोबर होतं. ते वाचू शकत होते, मी नाही. त्यांच्याकडं नाणं जास्त बोललं असतं. आणि आमच्या घरात आण्णा होते, त्यांचं बोट त्या ठशावरनं फिरताना मी बघितलं होतं.

शेवटी म्हणालो, “सर, मी नेतो.”

त्यांनी वही काढली, २०२० सालची नोंद दाखवली. ४,२०० रुपये. “तेवढेच द्या. वर एक रुपया नको.” मग एक अट घातली. पाकिटावर आज्ज्याच्या नोंदीखाली लिहायचं, ‘२०१९ विकलं. २०२० ते २३ मिरज.’ त्यांच्यासमोर लिहिलं. ते म्हणाले, “माझं नाव नको, पण मधली वर्षं गाळायची नाहीत. पुढच्याला कळलं पाहिजे.”

संध्याकाळी घरी आलो. नाणं आण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाकिटात घातलं, पाकीट मिटलं, परत उघडलं. “बसलं,” म्हणाले. बास.

आता दुसऱ्या नाण्याचं सांगतो. ते परत आणलं नाही.

एक शिवराई. तुम्हाला माहीत असेल, शिवराई म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकापासनं सुरू झालं आणि लोकांच्या व्यवहारात पुढं दोनशे वर्षांहून जास्त टिकलं. आमच्या एकीवर ‘छत्रपति’मधला ‘प’ अर्धा कापलेला होता, ठशात स्वच्छ दिसतो. मिरजेच्या त्याच वर्षात एका प्रदर्शनात ती मला दिसली. तोच अर्धा ‘प’. पण ती चकाकत होती. नव्या भांड्यासारखी. कुणीतरी आम्लात बुडवून, ब्रशनं घासून ‘साफ’ केलेली. तीनशे वर्षांत तांब्यावर चढलेला काळसर-हिरवा थर गेलेला आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडा पण गेलेल्या. वजन पाकिटावरच्या आकड्यापेक्षा चार गुंजा कमी. मी हातात घेतली, ठेवून दिली. घ्यायला पाहिजे होती का? कधीकधी वाटतं घ्यायला पाहिजे होती. त्या दिवशी जीव झाला नाही.

बाकीची एकोणतीस अजून बाहेर आहेत.

हे फक्त तुमच्या-माझ्यासारख्यांचंच होतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये आर्चर हंटिंग्टन नावाच्या धनिकानं जमवलेला स्पॅनिश नाण्यांचा संग्रह होता, जवळपास ३८ हजार नाणी. मालकी त्यानंच काढलेल्या हिस्पॅनिक सोसायटीची, पण नाणी कितीतरी वर्षं अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीकडं ठेवायला दिलेली. अभ्यासक तिथं जाऊन काम करायचे. २०१२ साली मालक संस्थेनं सगळा संग्रह विकून टाकला आणि मग तो फुटला, बाजारात आला. तेव्हा त्या दुसऱ्या संस्थेच्या सभासदांनी आणि देणगीदारांनी त्यातली काही नाणी विकत घेऊन संस्थेला परत दिली. कशामुळं जमलं? प्रत्येक नाण्याची नोंद होती म्हणून. एवढ्या मोठ्या संस्थेचं आणि माझ्या आज्ज्याच्या लग्नपत्रिकेच्या पाकिटाचं काम एकच.

म्हणून सांगतो. विकायची वेळ कुणावरही येते, लाज वाटायचं कारण नाही. पण विकायच्या आधी एक संध्याकाळ काढा. हातात मोबाइल आहेच. नाणं पट्टीशेजारी ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, कडेचा पण घ्या. उजेड एका बाजूनं तिरका येऊ द्या, म्हणजे पुसट अक्षरं उठून दिसतात. सराफाकडं जाऊन वजन करा, दोन दशांश आकड्यांपर्यंत. घरात मोठं माणूस असेल तर विचारा, हे कुठनं आलं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा. मग ती मूळ चिठ्ठी नाण्याबरोबर द्या आणि झेरॉक्स स्वतःकडं ठेवा. मी उलटं केलं. चिठ्ठ्या ठेवल्या आणि नाणी मुकी करून पाठवली. माझं चुकलं ते हे. आणि घेणाऱ्याला एवढं सांगा, ‘पुढं विकायचं झालं तर आधी मला एक फोन करा.’ दहातले आठ करणार नाहीत. दोन करतील.

घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको. शिशाचं नाणं असेल तर ते लाकडी पेटीत बंद करून ठेवू नका, लाकडातनं सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिशावर पांढरी भुकटी चढते आणि ते खात जाते. हाताळल्यावर हात धुवा, शिसं विषारी असतं.

कायद्याचं पण ऐकून ठेवा. शेतात, पायात, विहिरीत काही पुरलेलं सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते आपलं म्हणून खिशात घालायचं नाही. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि आपल्याला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला मामेभाऊ ‘पाठव की, इकडं डॉलरमध्ये विकतो’ म्हणाला तरी नाही म्हणायचं.

आज्ज्याची पाकिटं आता माळ्यावर नाहीत. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. मुलगी आठवीत गेली, आता तिला ब्राह्मीची पंधरा-वीस अक्षरं येतात, मला सात. ‘कळत नाही’च्या खाली तिनं पेन्सिलीनं लिहिलंय, ‘माढरिपुत सिवलकुर. खाली वासिठीपुत.’ पेननं लिही म्हटलं तर म्हणाली, “नको पप्पा, चुकलं असलं तर?”

बाकीच्या एकोणतीस पाकिटांवरचे ठसे अजून तसेच आहेत. तुमच्याकडं एखादी शिवराई लॉटमधनं आली असेल, चिठ्ठी नसलेली, तर वजन करून ठेवा. मला परत देऊ नका, हरकत नाही. फक्त तिचा गाव मला माहीत असू शकतो, तेवढं विचारा.

चला, आज एवढंच. रविवारी वेळ मिळाला तर टाऊन हॉलला जाऊन तो पोसायडन बघून या, तळहातात मावेल एवढाच आहे. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.